पत्र्यावर पडणारी फळं

लिफ्टचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं, फक्त वास होता. नुकतंच कुणीतरी ड्युरियन घेऊन वर गेलं होतं.

सिंगापूरमध्ये ऋतूच नाहीत असं पुण्याहून येणारे आमचे पाहुणे म्हणतात. आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून बघितलं तर ते खरंही वाटतं. पाऊस केव्हाही येतो, झाडं कायम हिरवी, पंखा कायम तीनवर. पण जून लागला की लिफ्टला हा वास यायला लागतो. खालच्या मार्केटमध्ये फळवाला टोपल्या मांडतो, गिऱ्हाईक प्लास्टिकचे हातमोजे घालून स्टुलावर बसून खातं, आणि एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनावरच्या मनाईच्या सूचनांमध्ये सिगारेटच्या शेजारी काढलेलं ते काटेरी फळ अचानक चित्र वाटेनासं होतं.

आमच्या घरात मात्र ड्युरियनला मज्जाव आहे. मी लहान होते, आम्ही नुकतेच इथे आलो होतो, तेव्हा पहिल्यांदा हा वास आला आणि बाबांनी गॅस बंद करून सगळ्या खिडक्या उघडल्या. शेजारची आंटी हसून हसून दाराला टेकली. पुढच्या आठवड्यात आईला तेच फळ बाजारात दिसलं. वास विसरून ती म्हणाली, "अगं, हा तर फणसच! जरा खुजा आहे एवढंच." घरी आणून तिने वर्तमानपत्र पसरलं, हातांना आणि सुरीला खोबरेल तेल चोपडलं आणि मांडी घालून फळ फोडायला बसली. चिकाचा थेंबही निघाला नाही. जे निघालं त्याने बाबा कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिले. तेव्हापासून घरात ड्युरियन येत नाही आणि तो विषयही येत नाही.

लिफ्टचं दार पुन्हा मिटलं. मी मजल्याचं बटण दाबायला विसरले होते.

ड्युरियनचा एक अख्खा ऋतू मी सिंगापूरच्याच उबिन बेटावर राहिले होते. चांगी पॉईंटच्या धक्क्यावरून बंबोट, म्हणजे छोटी मोटारबोट, सुटते, ती बारा माणसं भरल्यावर. वेळापत्रक नाही. बाकड्यावर बसायचं आणि बारावा माणूस यायची वाट बघायची. मला अनोळखी माणसांसमोर नुसतं बसून राहणंही जड जातं, म्हणून सुरुवातीला मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. नंतर लक्षात आलं की तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. सगळे समुद्राकडे बघत बसतात आणि मनात मोजत असतात.

त्या वर्षी माझी पदवी नुकतीच हातात पडली होती आणि मी समुद्री गवताच्या एका संशोधनात मदतनीस होते. वर्षाच्या मध्यावर इथे मोठी ओहोटी पहाटे लागते. पाणी मागे सरतं, गवताची कुरणं उघडी पडतात, आणि ऊन वर येईपर्यंत चिखलात चौकट ठेवून त्यातलं गवत मोजायचं. पहाटे बंबोट नसते. त्यामुळे माझ्या प्रोफेसरबाईंनी बेटावरच, माकचिक मिनाच्या घरी माझी राहायची सोय केली. माकचिक म्हणजे मावशी, काकू, जे म्हणाल ते. मी फोनवर नाव सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मीना? मग आपल्यातल्याच असतील की." मलय आहेत, म्हटल्यावर म्हणाली, "असू दे, पण जेवायला वेळेवर देतात ना?"

वेळेवर द्यायची. खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, पुढे पडवी, बाजूला विहीर, मागे कोंबड्यांचं खुराडं, आणि या सगळ्यावर सावली धरून उभं असलेलं ड्युरियनचं झाड. एवढं उंच की शेंडा बघायला मान दुखायची. माकचिक सत्तरीच्या पुढची, बुटकी, कमरेला फुलाफुलांचं सारोंग. माझं मोडकं मलय आणि तिचं मोडकं इंग्रजी यांच्यात आमचं छान चालायचं. ती मला 'गर्ल' म्हणायची. नाव तिने एकदाच विचारलं, दोनदा उच्चारून बघितलं आणि सोडून दिलं.

ड्युरियन झाडावरून तोडायचा नसतो, हे मला तिथे कळलं. पिकला की तो आपणहून देठ सोडतो, तोपर्यंत थांबायचं. म्हणून त्या ऋतूत सगळी वस्ती कान देऊन असते. बोलता बोलता माणसं मधेच थांबतात. कुठेतरी धप्प होतं, आणि घरातलं कुणीतरी उठून चालायला लागतं. उशीर केला तर माकडं आणि रानडुकरं आहेतच. झाडाखाली जायचीही एक रीत आहे. आधी बाहेर उभं राहायचं, वर काही करकरतंय का ऐकायचं, आणि मगच आत पाऊल टाकायचं. ते फळ डोक्यात पडलं तर माणूस उठत नाही.

पहिलं फळ तिने माझ्यासमोर ठेवलं तेव्हा मी न विचारता स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली आणि दोन्ही हातांना चोळलं. माकचिक बघत राहिली.

"गर्ल, तू ड्युरियन खाणार की त्याला मालिश करणार?"

मी तिला फणसाच्या चिकाबद्दल सांगायचा प्रयत्न केला. ती इतकी हसली की डोळे पुसायला तिला सारोंगचं टोक हातात घ्यावं लागलं. त्यानंतर फळ फोडायची वेळ आली की ती मुद्दाम बाटली माझ्यापुढे सरकवायची.

इतरांच्या झाडांखाली जाळी बांधलेली होती. फळ जाळीत अलगद पडतं, फुटत नाही. माकचिकच्या झाडाखाली मात्र जुने पत्रे अंथरले होते. घरांच्या छपरावरचे, गंजलेले, एकावर एक टाकलेले. फळ त्यांच्यावर पडलं की असा आवाज व्हायचा की कोंबड्या उडायच्या. आणि फळ हमखास तडकायचं. बंबोट चालवणारे अंकल सेंग रोज दुपारी चहाला यायचे, ते तडकलेलं फळ उचलून म्हणायचे, "सगळ्यांचे ड्युरियन पिकून पडतात. माकचिकचे सोलूनच पडतात, लाह."

"तुझ्या तोंडात दात कुठे उरलेत? तुला सोललेलेच बरे," माकचिक म्हणायची.

मीही हसायची. पण प्रश्न मनात राहायचा. मी न बोलणारी मुलगी आहे. न बोलणाऱ्यांकडे बघायला भरपूर वेळ असतो. आयुष्यभर या झाडाबरोबर राहिलेली बाई आपलीच फळं का फोडून घेत असेल?

उत्तर एका दुपारी मिळालं. वारा सुटला होता. मी पडवीत गवताच्या नोंदी नीट करत होते, माकचिक माझ्यासमोर बसून नारळ खवत होती. एक फळ पत्र्यांच्या पलीकडे, गवतात पडलं. चांगलं मोठं असावं. धप्प. मी मान वर केली. माकचिकचा हात खवणीवर तसाच फिरत राहिला. मग तिची नजर माझ्या चेहऱ्याकडे गेली, तिथे क्षणभर थांबली, आणि मग ती झाडाकडे वळून म्हणाली, "जातुह." म्हणजे, पडला.

जणू तिनेच ऐकलं होतं.

त्यानंतर सगळं उलगडत गेलं. तिचा रेडिओ दिवसभर चालू असायचा, पण कित्येकदा दोन स्टेशनांच्या मधे अडकून नुसता खरखरत असायचा. मला वाटायचं, एकटीला तेवढीच सोबत. ती नेहमी माझ्या समोर बसायची, शेजारी कधीच नाही. मला वाटायचं, माया आहे. माया असेलही. पण समोर बसलं की ओठ दिसतात. अंकल सेंग दुरून हाक मारत यायचे तेव्हा कोंबड्या बाजूला पळायच्या आणि कोंबड्या पळाल्या की ती वळून हसायची. फक्त झाडासाठी तिला पत्रे लागत होते, कारण झाडाला ओठ नाहीत.

मी तिला काही विचारलं नाही. तिने काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्यात एक व्यवस्था बसली. फळ पडलं की मी मान वर करायची, ती माझा चेहरा बघायची आणि उठायची. झाडाखाली जायच्या आधी मी तिच्या पुढे चालायची, कडेला उभी राहून वरचं ऐकायची आणि मगच बाजूला व्हायची. ती कधी म्हणाली नाही की तू का पुढे होतेस.

माझी आई म्हणते, "तुझ्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. भिंत बरी." खरं आहे ते. शाळेत, कॉलेजात मी हा चेहरा कमावला आहे. इंग्रजीत बोलणाऱ्या वर्गात मागच्या बाकावर बसून, कुणाला काही कळू न देता. आणि इथे एक म्हातारी बाई माझ्या चेहऱ्यावर डोळे लावून बसलेली असायची, मी काय ऐकलं ते तिथे उमटेल म्हणून. मला तो मोकळा ठेवावा लागायचा. पहिले काही दिवस संध्याकाळी गाल दुखल्यासारखे वाटायचे.

रविवारी तिचा मुलगा यायचा. हामिद शहरात, चोआ चू कांगला, बायको-मुलांबरोबर राहतो, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. मी त्याला आबांग म्हणायची, म्हणजे दादा. तो डबे घेऊन यायचा, विहिरीचा पंप बघायचा, कौलं बघायचा, आणि जेवण झालं की आईकडे, त्याच्या 'माक'कडे, विषय काढायचा.

"माक, तुझी खोली तयार आहे. लिफ्ट दारातच. खाली क्लिनिक, खाली मार्केट. इथे काय आहे?"

"इथे झाड आहे."

"तिथेही झाडं आहेत."

"तुझ्या फ्लॅटमध्ये काय पडतं?"

"काही पडत नाही, माक. तेच तर चांगलं आहे!"

ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. तो कपाळाला हात लावायचा. हे दर रविवारी जवळजवळ याच शब्दांत व्हायचं आणि दोघांनाही ते आवडत असावं. पण आता मला हसू येईना. तिच्या कानांचं त्याला कळलं, तर तो तिला इथे एकटी ठेवणार नाही. का ठेवेल? मी त्याच्या जागी असते तर ठेवलं नसतं. आणि न सांगता मी निघून गेले, आणि एखाद्या दिवशी ती वर न ऐकताच झाडाखाली गेली, तर? चिखलात वाकून गवत मोजताना मी तोच हिशेब करत राहायची, आणि चौकटीतलं गवत पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं.

एका रविवारी हामिद जेवत असताना फळ पडलं. पत्र्यावर नाही, गवतात. मी मान वर केली, माकचिकने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जातुह." हामिद भात चिवडत राहिला.

संध्याकाळी मला शहरात जायचं होतं, म्हणून हामिद आणि मी बरोबरच धक्क्यावर आलो. अंकल सेंग बंबोटमध्ये पाय पसरून बसले होते. माणसं भरायची होती. हामिद माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "तू फार बोलत नाहीस. चांगलं आहे. एकच विचारतो, सरळ सांग. माकला ऐकू येतं का?"

पलीकडे चांगीच्या विमानतळावर एक विमान उतरत होतं. ते दिसेनासं होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले. खोटं बोलायला मला तसं जमतं. 'मी ठीक आहे' हे तर मी दोन भाषांत सांगू शकते. पण महिनाभर चेहरा उघडा ठेवून बसल्यावर तो मिटायला वेळ लागतो. माझ्या तोंडावरून त्याला कळलंच असणार.

"नाही," मी म्हणाले.

"हं." तो मान हलवत राहिला. "पत्रे मीच आणून दिले. याच बोटीतून. म्हणाली, खुराड्याला हवेत. एवढ्या पत्र्यांत कोंबड्यांसाठी मशीद बांधून झाली असती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"ते माहीत होतं. तुला माहीत आहे का, ते माहीत नव्हतं. आज जेवताना बघितलं. ती तुझ्याकडे बघते, मग झाडाकडे." तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला. "या सीझनला तू आहेस. मी काही बोलणार नाही."

"आणि मी गेल्यावर?"

"मी तिला ओढून नेणार नाही. तिने म्हणायला हवं."

तेवढ्यात सायकल ढकलत एक माणूस आला. अंकल सेंग ओरडले, "ट्वेल्व्ह! चला, चला," आणि इंजिनाच्या आवाजात पुढे काही बोलायचं राहिलं नाही.

त्या ऋतूचे उरलेले दिवस मला कसे सांगावेत कळत नाही. घडलं काहीच नाही. पहाटे पाणी मागे जायचं, मी चिखलातून परत यायची तेव्हा पायऱ्यांवर पाय धुवायला भरलेली बादली असायची. धनेश पक्षी जोडीने येऊन पपईवर बसायचे. दुपारी अंकल सेंग, चहा, टोमणे. आणि दिवसभर, कधीही, ते धप्प. पण आता प्रत्येक फळ पडलं की मला झाडावर उरलेली फळं दिसायला लागली. झाड रिकामं होत चाललं होतं आणि त्याबरोबर माझे दिवसही. कधी वाटायचं, आज वारा सुटू नये. ज्या फळाची सगळं बेट वाट बघतं, ते पडू नये असं वाटणारी तिथे मी एकटीच असेन.

जुरोंग ईस्टच्या एका कंपनीतून नोकरीचं पत्र आलं. आईने फोनवर पेढे वाटले, म्हणजे कोणाकोणाला देणार ते सांगितलं. मी माकचिकला म्हणाले, "मी येत जाईन. शनिवार-रविवार."

ती माझ्याकडे बघत होती, नेहमीसारखी, ओठांकडे.

"आणि फळ सोमवारी पडलं तर?"

 तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, जणू नोकरी तिला लागली होती आणि धीर मला द्यायचा होता.

शेवटचं फळ पडलं त्यानंतर काही दिवसांनी ती सकाळी म्हणाली, "गर्ल, जरा हात लाव." आम्ही दोघींनी मिळून पत्रे उचलले. खाली गवत पिवळं पडलं होतं, गांडुळं होती, एक बेडूक होता. पत्रे आम्ही विहिरीच्या भिंतीला नीट लावून ठेवले. तिने सारोंगला हात पुसले, वर झाडाकडे बघितलं आणि रविवारी हामिद आल्यावर, त्याने विषय काढायच्या आत म्हणाली, "त्या खोलीला खिडकी आहे का?"

हामिदच्या हातातला डबा तसाच राहिला. "आहे, माक," तो म्हणाला.

आता जुरोंगच्या ऑफिसात माझ्या आजूबाजूला सगळे कानात हेडफोन घालून बसलेले असतात. कुणाला बोलवायचं असेल तर त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवावा लागतो. मला त्याचा त्रास होत नाही. मला सवय आहे. उलट कधी कधी कुणीतरी मान वर करतं आणि क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघतं, तेव्हा मी तो पूर्वीइतक्या घाईने मिटत नाही. एवढाच काय तो फरक त्या ऋतूने केला असेल.

लिफ्टमध्ये वास आला त्याच शनिवारी मी चोआ चू कांगला गेले. आईने विचारलं, "मीनाताईंकडे का?" आणि चिवड्याची पिशवी दिली. गेल्या वर्षीपासून आई त्यांना मीनाताईच म्हणते.

हामिदचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे. माकचिकची खोली चांगली आहे, खिडकी मोठी आहे, खाली पर्जन्यवृक्षांची रांग दिसते. कानाचं यंत्र गोळ्या-पेपरमिंटच्या डब्यात होतं.

"लावत नाहीस?" मी ओठ नीट हलवत विचारलं.

"लावलं होतं. लिफ्ट ऐकू आली. टीव्ही ऐकू आला. शेजारणीचं सुनेशी भांडण ऐकू आलं." ती विचार करत म्हणाली. "भांडण चांगलं होतं. बाकी काही नाही."

अंकल सेंगनी बेटावरून दोन फळं पाठवली होती. त्याच झाडाची. आता झाड तेच बघतात, खाली जाळी बांधली आहे, त्यामुळे फळं अगदी अख्खी होती. एकही तडा नाही. माकचिकने एक हातात घेऊन सगळीकडून फिरवलं, देठाचा वास घेतला आणि माझ्यासमोर ठेवलं. मग उशीमागून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघी हसलो. हामिद दारातून म्हणाला, "काय झालं?" त्याला कुणी सांगितलं नाही.

मी तेल लावलंच. सुरी फळाच्या शिवणीला टेकवली, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी पाडलं. जड, एकदाच. धप्प.

मी मान वर केली. विचार करायच्या आधीच केली.

माकचिकने माझा चेहरा बघितला. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर गेले, ती अर्धी उठली. "जातुह?" मग तिला फरशी दिसली, पलंग दिसला, भिंतीवरचं घड्याळ दिसलं. ती तशीच थांबली, ना उभी ना बसलेली.

मी उठले. तेलाचे हात तसेच धरून खिडकीपाशी गेले, बाहेर वाकून खाली बघितलं. झाडांचे शेंडे, गाड्या, सावलीत झोपलेलं एक मांजर. थोडा वेळ बघत राहिले, जेवढा वेळ पडवीतून झाडापर्यंत जाऊन यायला लागायचा तेवढा. मग परत येऊन तिच्या समोर बसले.

"मोठा आहे," मी म्हणाले. "फुटलेला नाही."

ती हळूहळू खाली टेकली. माझ्याकडे बघत राहिली, ओठांकडे नाही, डोळ्यांकडे.

"फुटेल कसा?" ती म्हणाली. "इथे पत्रे नाहीत ना."